पिशवीचे माप घेता, तसे मनाचेही घ्या : वैद्यकीय नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
संस्थात्मक नैतिकता समित्या,
बेळगाव जिल्ह्यातील सर्व वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये

विषय : स्टोमा असलेल्या रुग्णांना स्वतःच्या शरीराविषयी काय वाटते, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांबाबत

महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी एका परिचारिकेने माझ्या पोटाजवळ पातळ पुठ्ठ्याचे एक कार्ड धरले. त्या कार्डाला लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने गोल भोके होती. गुदाशयाच्या कर्करोगासाठी माझा तो भाग गुदद्वारासकट काढून टाकला होता आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूने बाहेर आणून कातडीला शिवले होते. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, हे मला तेव्हाच कळले. परिचारिकेने एकेक भोक त्यावर धरून पाहिले, नेमके बसणारे भोक निवडले, मळ गोळा करायला स्टोमावर जी पिशवी लावतात तिच्या चिकट चकतीवर त्याहून दोन मिलिमीटर मोठे वर्तुळ पेनाने आखले आणि वाकड्या कात्रीने सावकाश कापून काढले. कापता कापता ती मला सांगत होती, "अक्का, भोक मोठं झालं की घाण कातडीला लागते आणि कातडी सोलवटते. लहान झालं की ह्याला आवळतं, रक्त येतं. सूज उतरेल तसा हा बारीक होत जाणार. म्हणून दोन महिने परत परत माप घ्यायचं, पहिलंच माप धरून बसायचं नाही." ती कन्नड भाषक होती, तरी हे सगळे तिने मला कळेल अशा मराठीत, दोनदा सांगितले. तिचे ते शब्द मी अजून विसरलेले नाही आणि माझी कातडी पाच वर्षांत एकदाही सोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी माझे दुसरे माप घेतले गेले. परिचर्या शाखेची एक विद्यार्थिनी चार पानी कागद घेऊन माझ्या खाटेशी आली. तिचे संमतीपत्र मराठीत होते आणि ते मी वाचून सही केली. त्यामागची प्रश्नावली मात्र इंग्रजीत होती आणि तिला मराठी येत नव्हते. मग माझा मुलगा दुभाषी झाला. पहिल्या एक-दोन प्रश्नांना तो नीट बोलला. कपडे घातल्यावर स्वतःच्या दिसण्याविषयी असमाधान वाटते का, या अर्थाचा प्रश्न आला, तेव्हा तो म्हणाला, "आई, कपडे घातल्यावर बरी दिसतेस काय म्हणून विचारायलेत." मी दवाखान्याच्या हिरव्या गाऊनमध्ये होते. मी म्हटले, "बरं आहे." विद्यार्थिनीने खूण केली. पुढे लैंगिक आकर्षणाविषयीचा प्रश्न आला. माझ्या एकतीस वर्षांच्या मुलाने तो मनात वाचला, कागदावरून नजर काढून सलाईनच्या बाटलीकडे पाहिले आणि मला काही न विचारता तिला "नॉट ॲट ऑल" असे सांगितले. तिने त्याही ठिकाणी खूण केली. विवस्त्र असताना स्वतःकडे पाहणे कठीण जाते का, हा प्रश्न त्याने "अंग बघायला त्रास होतो काय" असा विचारला आणि मी प्रामाणिकपणे "नाही" म्हणाले, कारण मी माझे पोट तोवर एकदाही पाहिलेले नव्हते. परिचारिका पिशवी रिकामी करी, तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवत असे.

त्या प्रश्नावलीत दहा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण तीस. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज परिचारिका आहे. पुढे तिच्याजवळ बसून मी त्या दिवशीची माझी उत्तरे आठवून बेरीज केली, तेव्हा ती दोन भरली. तीसपैकी दोन. ज्या स्त्रीने त्या रात्री उशी पोटावर दाबून, कुणाला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून चादरीचा कोपरा दातांत धरला होता, ती त्या अभ्यासाच्या तक्त्यात शरीराशी उत्तम जुळवून घेतलेली रुग्ण म्हणून नोंदली गेली असणार.

मी त्या मुलीला दोष देत नाही. तिने सांगितलेले काम मन लावून केले, जाताना माझी चादरही नीट केली. मुलाला तर मुळीच देत नाही. परंतु ज्या अभ्यासाला आपल्यासारख्या एखाद्या समितीची मंजुरी लागते, त्या अभ्यासात माझ्या मनाचे माप असे चुकावे, याची जबाबदारी खाटेशी उभ्या असलेल्या दोन तरुण मुलांवर टाकता येणार नाही. म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की स्टोमाचे माप घेताना जो काटेकोरपणा आपण शिकवता, तोच काटेकोरपणा या दुसऱ्या मापाला लावल्याशिवाय अशा अभ्यासांना मंजुरी देऊ नये.

ज्या पट्टीने मला मोजले तिचे नाव 'बॉडी इमेज स्केल'. मँचेस्टरच्या पेनेलोप हॉपवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी तयार केली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ती थोडक्यात आहे, जगभर वापरली जाते आणि चांगली आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिची मोठी तपासणी स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांवर झालेली आहे, आणि तिच्या दहा प्रश्नांत पिशवी, वास, आवाज किंवा गळती यांचा उल्लेख कुठेही नाही. व्रणाविषयी एक प्रश्न आहे. पण स्टोमा हा व्रण नव्हे. तो रोज हलतो, रंग बदलतो, बोलतो. या पट्टीच्या जोडीला दुसरी साधने आहेत. युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेची, जिला ई.ओ.आर.टी.सी. म्हणतात तिची, आतड्याच्या कर्करोगासाठीची एकोणतीस प्रश्नांची पुरवणी आहे, तिच्यात शरीराविषयी तीन प्रश्न आणि स्टोमा असणाऱ्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. २००५ मध्ये आलेली 'स्टोमा-क्यूओएल', म्हणजे स्टोमा असतानाचे जीवनमान मोजणारी प्रश्नावली, वीस प्रश्नांची आहे आणि ती थेट पिशवीबद्दल बोलते : पिशवी सुटेल अशी धास्ती, वासाची काळजी, पिशवीचा सळसळ आवाज, जवळचे शौचालय कुठे आहे हे माहीत असण्याची गरज, घराबाहेर मुक्काम करण्यातली अडचण. अमेरिकेतील 'सिटी ऑफ होप' या कर्करोग रुग्णालयाची प्रश्नावली त्रेचाळीस प्रश्नांची आहे. ही सगळी साधने एकच गोष्ट मोजत नाहीत. स्वतःचे अंग आपल्याला कसे वाटते ही एक गोष्ट, स्टोमाशी संसार कसा चालला आहे ही दुसरी, आणि एकूण आयुष्य कसे चालले आहे ही तिसरी. प्रबंधाच्या शीर्षकात पहिली गोष्ट लिहायची आणि हाताशी सापडली म्हणून तिसरीची पट्टी लावायची, हे मंजुरीच्या टप्प्यावरच थांबवता येण्यासारखे आहे.

पिशवीचा इतिहासच या प्रश्नापासून सुरू होतो, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेच्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला होता आणि गळतीच्या भीतीने ती लोकांत जाणे टाळू लागली होती. तिचे घराबाहेर पडणे बंद झाले, हे दुखणे एलिसेने ओळखले आणि १९५४ मध्ये पोटाला चिकटणाऱ्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या पिशवीची कल्पना पुढे आणली. आज आम्ही जी पिशवी लावतो, तिच्या मुळाशी एका बहिणीने दुसऱ्या बहिणीची लाज ऐकून घेणे आहे. ती दोघींच्या एकाच भाषेत ऐकली गेली होती.

आता भाषेकडे येते. मी सदतीस वर्षे खानापूर तालुक्यात मराठी शिकवले, म्हणून या भागावर थोडे जास्त रेंगाळले तर क्षमा असावी.

'बॉडी इमेज'ला कोशात 'देहप्रतिमा' किंवा 'शरीरप्रतिमा' असा प्रतिशब्द मिळतो. तो प्रबंधाच्या मुखपृष्ठावर शोभतो, पण आमच्या भागातील कुणी बाई तो उच्चारणार नाही. ती म्हणेल, "मला माझ्याच अंगाची शिसारी येते." ती म्हणेल, "अंग माझं राहिलं नाही." शिसारी, किळस, लाज, संकोच, ओशाळेपणा आणि अवघडलेपणा हे सहा शब्द मराठीत सहा वेगळ्या जागी बसतात. लाज दुसऱ्याच्या नजरेची वाटते. शिसारी एकटीला, बंद मोरीतही येते. ओशाळणे म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास झाला या जाणिवेने खाली पाहणे. पिशवीचा आवाज झाला आणि सुनेने ऐकूनही न ऐकल्यासारखे केले, तेव्हा मला जे झाले ते ओशाळणे होते, लाज नव्हे. इंग्रजीतला एक शब्द यांतल्या कुठल्या शब्दाने आणायचा, यावर उत्तर 'थोडे' येणार की 'खूप', हे ठरते. 'आकर्षक' या शब्दाचे तर मराठीत भलतेच होते. आकर्षक साड्या असतात, आकर्षक सवलती असतात. साठीच्या बाईला "तुम्ही कमी आकर्षक झालात असे वाटते का" असे विचारले, तर तिला आपली थट्टा चालली आहे असे वाटेल. तिला "नवऱ्याजवळ बसताना, निजताना आता मन मागे सरतं का" असे एकट्या स्त्रीने हळू आवाजात विचारा. ती उत्तर देईल. 'शरीर अखंड वाटत नाही' यापेक्षा 'शरीर धड राहिलं नाही असं वाटतं' हे आमच्याकडे लगेच समजते, कारण धडधाकट हा शब्द आमच्या रोजच्या तोंडी आहे. बाईपण आणि पुरुषपण हे शब्द तर आहेतच. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातील नसांना इजा होऊन पुरुषाची लैंगिक क्षमता जाऊ शकते, आणि तो पुरुष 'पुरुषपण कमी झाले का' या प्रश्नाला जे उत्तर देईल ते स्टोमाविषयी नसून त्या नसांविषयी असू शकते. प्रश्न विचारणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो सगळा दोष पिशवीच्या खात्यावर मांडेल.

उत्तरांचे पर्यायही असेच फसवे आहेत. 'मुळीच नाही, थोडे, बरेच, खूप' अशी चार पायऱ्यांची शिडी कागदावर सरळ दिसते. तोंडी विचारताना 'बरंच' आणि 'बरं' यांत केवळ एका अक्षराचा फरक उरतो, आणि दवाखान्यात "कसं आहे" याला "बरं आहे" म्हणायची आमची जन्माची सवय आहे. माझ्या ओळखीत पिशवी असलेल्या पाच बायका आहेत. आम्ही जमतो तेव्हा त्यांच्याशी बोलताना मला एक वेगळी रीत सापडली. त्यांतल्या सर्वांत वयस्कर आजींना मी चार पर्याय विचारले, तर त्या गोंधळल्या. मग मी विचारले, "रुपयात किती आणे वाटतं?" त्यांनी क्षणात सांगितले, "बारा आणे." आमच्या पिढीच्या मनात सोळा आण्यांचा रुपया अजून चालतो. अशी रीत कुणाच्या पट्टीवर परस्पर चिकटवता येत नाही, मूळ साधनकर्त्यांची परवानगी घ्यावी लागते आणि ती स्वतंत्रपणे तपासावी लागते, हे मला समजते. पण तपासण्यासारखी ती नक्कीच आहे.

दुसरे असे की, आमच्या अंगाविषयीचे आमचे दुःख ज्या ठिकाणी राहते, तिथे या प्रश्नावल्या पोहोचतच नाहीत. त्या पाचांपैकी एक पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातील आहे. ती म्हणाली, "पोटाचं काय नाही ओ बाई, पण मी देवघरात जात नाही." घरात कुणी तिला अडवलेले नाही. तिनेच स्वतःला अडवले आहे. दिवसातून केव्हाही, आपल्या नकळत, पोटावर मळ येतो, तेव्हा सोवळे कसे राहणार, असे तिला वाटते. पूर्वी शुक्रवारी पुरण तिच्या हातचे असे. आता ती स्वयंपाकाला हात लावत नाही आणि अंगणात भांडी घासते. तिला दहाही प्रश्न विचारा, तिचे गुण कमी भरतील, कारण आरशाशी तिचे भांडण नाही. दुसरी पंगतीत बसत नाही. मांडी घातली की पोटाची वळी पिशवीच्या चकतीवर येते, चकतीची कड उचलली जाते, आणि उठताना पदर दाबून उठावे लागते. तिसरीने माहेरचा मुक्काम सोडला, कारण तिथला संडास खाली बसायचा, आत नळ नाही, आणि पिशवी रिकामी करायला एक हात भिंतीला टेकून, ओणवे होऊन, दुसऱ्या हाताने तांब्या धरावा लागतो. 'स्टोमा-क्यूओएल'मधला बाहेर मुक्कामाचा प्रश्न तिला लागू पडतो, पण तिचे उत्तर शरीराबद्दल आहे की संडासाबद्दल, हे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळणार नाही. बसचेही तसेच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि माझ्यासारख्या अनेकींचा दवाखान्याचा खर्च वाचला, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर, सकाळच्या गर्दीत, समोरच्या बाईची पाटी बरोबर पोटाशी टेकलेली असताना उभे राहणे म्हणजे काय, हे पिशवी असलेल्या बाईलाच ठाऊक. ती बसला जात नाही, तेव्हा ती लोकांना टाळत नसते. ती आपल्या पोटाला जपत असते. प्रश्नावलीत लोकांना टाळणारी आणि पोटाला जपणारी, दोघींची खूण एकाच चौकटीत पडते.

कपड्यांच्या प्रश्नाबद्दल तर मला शल्यचिकित्सकांनाही विनंती करायची आहे. स्टोमा कुठे काढायचा याची खूण शस्त्रक्रियेआधी करावी, रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून, पोटाच्या वळ्या आणि कमरेची रेघ टाळून करावी, असा नियम आहे. ती खूण करताना आमच्या बायकांना एकदा नेहमीसारखे लुगडे नेसायला सांगावे. पाचवारीच्या परकराची नाडी आणि नऊवारीचा ओचा एकाच जागी बसत नाहीत. माझी नाडी आज बरोबर चकतीच्या वरच्या कडेवर येते, आणि मी गेली पाच वर्षे ती बोटभर खाली बांधते, चालताना दर वीस पावलांनी चाचपते. घाईच्या शस्त्रक्रियेत खूण करायला सवड नसते, हे मान्य. पण जिथे सवड आहे, तिथे ही पाच मिनिटे पुढच्या अनेक गुणांवर परिणाम करतील, असे मला वाटते.

वेळेबद्दल. बॉडी इमेज स्केल मागच्या एका आठवड्याविषयी विचारते. सहाव्या दिवशी ती लावली, तर निम्मा आठवडा रुग्णाने भुलीत, नळ्यांत आणि वेदनाशामकांत काढलेला असतो. शस्त्रक्रियेआधी एकदा, घरी गेल्यावर सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने असे माप घेतले, तरच ते उतरले की चढले हे कळेल. स्टोमाचे माप एकदा घेऊन ते वर्षभर चालवायला कुणी सांगत नाही. ज्यांचा स्टोमा तात्पुरता आहे, आणि लहान आतड्याच्या वेटोळ्याचा असा स्टोमा पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी, केमोथेरपी चालू असेल तर त्याहून उशिरा बंद करतात, त्यांचे उत्तर आणि ज्यांचा कायमचा आहे त्यांचे उत्तर एका सरासरीत मिसळू नये. "थोडे दिवस आहे" असे मनाशी धरून बसलेल्या माणसाचे शरीराशी नाते वेगळे असते. लहान आतड्याच्या स्टोमातून पातळ, कातडी जाळणारा स्राव दिवसभर वाहतो, मोठ्या आतड्याचा पुष्कळसा घट्ट असतो. हाही फरक नोंदला पाहिजे.

कोरे उत्तर आणि शून्य या दोहोंतील फरकाबद्दल मी विशेष आग्रह धरते. माझ्या मुलाने जिथे "नॉट ॲट ऑल" सांगितले, तिथे चौकट कोरी राहायला हवी होती. कोरी चौकट सांगते की इथे काही विचारता आले नाही. शून्य सांगते की इथे दुखत नाही. लैंगिकतेच्या प्रश्नाला आमच्या भागात किती चौकटी कोऱ्या राहिल्या, हे स्वतःच एक मोठे माप आहे आणि ते प्रबंधात छापले गेले पाहिजे. नातेवाईक समोर असताना हे प्रश्न विचारू नयेत, पडदा ओढलेला असावा, स्त्रीला स्त्रीने आणि पुरुषाला पुरुषाने विचारावे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला प्रत्येक शब्द ठरलेल्या संहितेतूनच वाचून दाखवावा. एका रुग्णाला मुलाने, दुसऱ्याला आयाने आणि तिसऱ्याला विद्यार्थिनीने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलेला प्रश्न हा एकच प्रश्न राहत नाही, आणि त्यांच्या उत्तरांची बेरीज करता येत नाही.

हे लिहिताना मला कुठलाही भाषावाद उकरून काढायचा नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडच्या एक कन्नड आजी होत्या. त्यांनाही तीच इंग्रजी प्रश्नावली आली आणि त्यांच्या नातवाने तिचे कन्नड केले. तोही त्याच प्रश्नाशी अडखळला. आम्हा दोघींच्या खाटांमध्ये एक लोखंडी कपाट होते आणि दोघींची मापे सारखीच चुकली. माझी मागणी त्यांच्यासाठीही आहे, उर्दू आणि कोकणी बोलणाऱ्यांसाठीही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि भाषांतरित कागद समितीसमोर ठेवावे लागतात. माझे संमतीपत्र मराठीत होते ते त्यामुळेच. तीच अट प्रत्यक्ष प्रश्नांना लावावी, एवढेच मी मागते आहे. त्याची रीतही ठरलेली आहे : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावे, ती दोन्ही मिळवून एक संहिता ठरवावी, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ती पुन्हा इंग्रजीत न्यावी, फरक तपासावेत, आणि मग दहा-पंधरा रुग्णांना प्रश्न विचारून झाल्यावर "तुम्हाला यातून काय विचारलं असं वाटलं" हे विचारावे. हा शेवटचा भाग घाईत गाळला जातो, आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच सापडतात. पुण्यात तयार झालेली मराठी संहिता मिळाली तरी ती आमच्याकडे एकदा वाचून पाहावी. आमच्या मराठीत कन्नडचे पुष्कळ पाणी मिसळलेले आहे आणि त्याचा आम्हाला संकोच नाही.

आपल्या समितीत नियमानुसार एक सामान्य नागरिक सदस्य असतो. अशा अभ्यासाचा प्रस्ताव येईल तेव्हा त्या सदस्याला प्रश्नावली मराठीत किंवा कन्नडमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगावे. वाचताना ज्या प्रश्नाशी त्यांचा आवाज अडखळेल, तो प्रश्न पुन्हा लिहायला परत पाठवावा.

आणि मोजून झाल्यावर काय? एखाद्या बाईचे पंचवीस गुण भरले, तर विद्यार्थिनीने त्या कागदाचे काय करायचे, हे प्रस्तावात लिहिलेले असले पाहिजे. ही पट्टी आजाराचे निदान करीत नाही, पण तिने दाखवलेल्या दुखण्याकडे पाठ फिरवायची मुभाही देत नाही. स्टोमाची शिकलेली परिचारिका जिथे आहे तिथे तिच्याकडे, जिथे नाही तिथे निदान मानसोपचार विभागाकडे त्या रुग्णाला त्याच दिवशी पोहोचवावे. घरी गेलेल्या रुग्णाला १४४१६ हा सरकारचा मोफत मानसिक आरोग्य क्रमांक लिहून द्यावा. त्याहून चांगले म्हणजे त्याच भाषेतला, पिशवीसह चार वर्षे काढलेला दुसरा माणूस तिच्याशी जोडून द्यावा. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडला रूपर्ट टर्नबुल या शल्यचिकित्सकाने स्टोमाच्या रुग्णांची काळजी घ्यायला नॉर्मा गिल यांना नेमले, तेव्हा त्या परिचारिका नव्हत्या. त्या स्वतः स्टोमाच्या रुग्ण होत्या, आणि स्टोमा परिचर्येची शाखा तिथून वाढली. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत स्टोमाचे नाव नाही, त्यामुळे आम्हाला कुठल्या यादीत कुणी मोजत नाही. आमची जी काही मोजणी होते ती आपल्या महाविद्यालयांच्या प्रबंधांत होते, म्हणून ती बरोबर व्हावी, असे मला इतक्या पोटतिडिकीने वाटते.

या कामात माझा उपयोग होत असेल, तर तो करून घ्यावा. मराठी संहितेचे शब्द पाहायला, रुग्णांना वाचून दाखवायला, किंवा विद्यार्थिनींना आमच्याशी कसे बोलावे हे सांगायला मी मानधनाशिवाय येईन. सोमवार आणि गुरुवार हे माझे पिशवी बदलण्याचे दिवस आहेत, त्या दिवशी सकाळी मला दीड तास लागतो. बाकी कुठल्याही दिवशी दहाच्या बसने मी बेळगावला पोहोचू शकते. माझ्याबरोबर त्या पाचांपैकी दोघी यायला तयार आहेत. देवघरात न जाणारी बाई मात्र अजून तयार नाही. तिला आपण तिच्या घरी जाऊन विचारावे लागेल, आणि तो प्रश्न आधी लिहावा लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव